शेवटच्या रांगेतून दिसणारा कॉम्प्युटर

सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. एका गावात एक शिवणकाम करणारी बाई मशीनवर ब्लाउजची बाही लावत बसली होती. तेवढ्यात तिच्या मुलीच्या फोनवर टिंग वाजलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

बाईचं नाव सुगंधा, मुलीचं गौतमी. गौतमीला शहरातल्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. त्या गावातून इंजिनिअर व्हायला निघालेली ती पहिलीच मुलगी. सुगंधाने देवापुढे साखर ठेवली, नवऱ्याला फोन लावला, शेजारणीला मिठी मारली आणि मग खाली बसून रडू लागली. तिचं असंच होतं. आनंद उंबऱ्यावर आला की त्याच्या मागोमाग काळजी घरात शिरायची. हॉस्टेलचं जेवण कसं असेल, पोरीला थंडी सोसेल का, आजारी पडली तर डोक्यावर हात कोण ठेवील?

"आई, आनंदाची गोष्ट आहे ही," गौतमी म्हणाली.

"ठाऊक आहे गं. म्हणून तर भीती वाटते."

कॉलेजने कळवलं होतं की प्रत्येक मुलाकडे स्वतःचा कॉम्प्युटर असावा. गौतमीने तिथल्या पुढच्या वर्गातल्या मुलींना फोन करून सगळं विचारून घेतलं आणि आईला समजावून सांगितलं. सुगंधा सातवीपर्यंत शिकलेली. पोरीने तिला तिच्याच घरातलं उदाहरण दिलं.

"हे बघ, कॉम्प्युटरची रॅम म्हणजे आपला ओटा. ओटा लहान असला की एका वेळी एकच पातेलं मावतं. आणि त्यातली साठवण म्हणजे फडताळ. ओटा ऐसपैस हवा, फडताळ पुरेसं हवं, नि सगळं मिळून पाठीवर नेता आलं पाहिजे."

"अख्खं स्वयंपाकघर पाठीवर?"

"हो. आणि दिवसभर चूल पेटती राहिली पाहिजे. म्हणजे चार्जिंग."

सुगंधाला पटकन कळलं. एवढंच असेल तर अवघड काय आहे, असं तिला वाटलं. अवघड कॉम्प्युटर नव्हताच. अवघड होतं ते गाव.

त्या गावाची एक रीत होती. कुणी नाव काढलं की शाळेच्या चढाच्या पायथ्याशी असलेल्या पटांगणात मांडव घालून त्याचा सत्कार व्हायचा. शाल, नारळ आणि भेटवस्तू. गाव मनाने मोठं होतं, वर्गणीला कुणी मागे हटायचं नाही. भेटवस्तूचा मात्र एक नियम होता. ती मांडवाच्या शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे. ज्याने वर्गणी दिली त्याला आपण काय दिलं ते बसल्या जागेवरून कळायला हवं, असं सत्कार कमिटीचे प्रमुख दौलतआबा म्हणायचे. म्हणून धावण्याची शर्यत जिंकलेल्या पोराला बैलगाडीच्या चाकाएवढं घड्याळ मिळालं होतं. नर्स झालेल्या पोरीला मिळालेलं लोखंडी कपाट तिच्या खोलीच्या दारातून आत जाईना. ती बिचारी अजून व्हरांड्यात येऊन साड्या काढायची. पण तोंड कुणीच उघडलं नाही. गावाने दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं म्हणजे गावालाच नाव ठेवायचं!

दौलतआबा जुने पैलवान. मिशा अजून ताठ, आवाज अजून आखाड्यातला. गौतमीला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. बातमी ऐकल्या ऐकल्या ते सुगंधाच्या दारात आले आणि बाहेरूनच गरजले, "सुगंधे, पोरीच्या कॉम्प्युटरची काळजी करायची नाही. कॉम्प्युटर गाव देणार!"

सुगंधाच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. तिचा नवरा हणमंत डेअरीचा टेम्पो चालवायचा. घरातून एवढी महाग वस्तू होणं कठीण होतं. तिच्या मनात आलं, सांगावं, आबा, जाताना गौतमीला बरोबर न्या. पण आबांना कसं सांगायचं? ती नुसतीच पाया पडली.

आबा तालुक्याला गेले ते पोपटला घेऊन. पोपट म्हणजे मांडवाचा, लाउडस्पीकरचा आणि गावभरच्या बातम्यांचा मालक. दुकानात काय झालं ते त्यानेच नंतर सगळ्यांना सांगितलं. दुकानदाराने आधी एक पातळसा लॅपटॉप पुढे केला. आबांनी तो तळहातावर घेतला आणि त्यांचं तोंड उतरलं.

"हे काय? पाटी? अहो, शेवटच्या रांगेतली म्हातारी विचारील, पोरीला ताट दिलं का म्हणून!"

दुकानदार म्हणाला, "कॉम्प्युटर हवाय कशासाठी?"

"सत्कारासाठी," आबा म्हणाले.

मग दुकानदाराने दुकानातला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर काढून दाखवला. त्यात त्याचा तरी काय दोष?

दुसऱ्या दिवशी दुकानाचा टेम्पो आला. खिडकीएवढा पडदा, लाल-निळे दिवे लागणारा सीपीयूचा डबा, दोन बाजूंना उभे करायचे दोन स्पीकर, वीज गेली तर लागणारा बॅटरीचा ठोकळा, आणि वायरींचं भेंडोळं. आबांनी ते सगळं आपल्या सोप्यात मांडलं, हळदकुंकू वाहिलं. माणसं जत्रेसारखी बघायला येऊ लागली. गौतमीही गेली. आबांपुढे हसली, नमस्कार केला. घरी आल्यावर मात्र चपला काढून तशीच भिंतीला टेकून बसली.

"काय गं?"

"आई, हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी. टेबल दोघींत एक. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि प्रयोगशाळा पलीकडच्या इमारतीत. कॉम्प्युटर रोज बरोबर न्यायचा असतो. हा मी कसा नेऊ? हातगाडीवर?"

हणमंत हात धूत होता. तो म्हणाला, "धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. दिलंय ते घ्यायचं."

"अहो, पण गाय पोरीच्या खोलीत मावत नाही," सुगंधा म्हणाली.

"मग काय गावाला नको म्हणणार? उद्या लोक म्हणतील, टेम्पोवाल्याची पोरगी कॉलेजला जायच्या आधीच चढली. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची पोर शिकायला निघाली, तर वर्गणीला कोण पुढं येईल?"

तो खोटं बोलत नव्हता. सुगंधाला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि म्हणूनच तिला काही सुचत नव्हतं. गप्प बसावं तर पोरीची चार वर्षं वर्गात रिकाम्या हाताने जाणार. बोलावं तर गावाचा हात आखडणार.

तरी संध्याकाळी ती आबांच्या घरी गेली. वाटेभर बोलायचं ते घोकत गेली. आबांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, बटण दाबून लाल-निळे दिवे लावून दाखवले. सत्तरीचा माणूस, पण दिवे लागले तसा लहान पोरासारखा टाळी वाजवून हसला. सुगंधाने घोकलेलं मागे सारलं आणि चहाचा कप उचलला.

"कसा आहे?" आबांनी विचारलं.

"मोठा आहे," सुगंधा म्हणाली.

"आणि पोरीला आवडला ना गं?" आबांच्या बायकोने, सखूकाकींनी विचारलं.

"हो. फार," सुगंधा म्हणाली आणि कपबशी खाली ठेवून घाईघाईने घरी आली.

खोटं बोललं की ते घरात बसून राहत नाही, गावभर फिरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा निरोप आला. "सुगंधाला कॉम्प्युटर मोठा वाटला, पोरीलाही फार आवडला. मग तो ठेवायला टेबलही तसंच पाहिजे. सागवानी टेबल सांगितलंय."

गौतमीने ते ऐकलं. रागावली नाही, ओरडली नाही. आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे आई. मी मैत्रिणीचा वापरीन."

"मैत्रीण तिचा तुला कधी देणार?"

"ती झोपली की."

हे मात्र सुगंधाच्या काळजाला लागलं. आपण एका कप चहाच्या भिडेपायी पोरीची झोप विकून आलो, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिने सुईत दोरा ओवायला घेतला तर दोरा काही जाईना. पण मनातून ती ठरवून बसली होती.

सत्काराचा दिवस उजाडला. मांडव गच्च भरला. व्यासपीठावर सागवानी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार. गौतमीपेक्षा त्याचाच हार मोठा होता. शेवटच्या रांगेतल्या गंगूआजीने मान उंचावून बघितलं आणि पसंतीची मान डोलावली. पोपटने माइक फुंकला. "आता सत्कारमूर्तीची आई दोन शब्द बोलेल!"

ही पण गावची रीत. आईचे दोन शब्द म्हणजे खरोखर दोनच असायचे. "आभारी आहे" म्हणायचं, पदराने डोळे टिपायचे आणि खाली बसायचं. सुगंधा उठली. तिचे पाय कापत होते. तिने माइक धरला.

"आभारी आहे," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ती खाली बसेना. टाळ्या थांबल्या.

"आबा, एक विचारू? तुम्ही बाजारात बैल घेता, तेव्हा काय बघून घेता?"

आबा खुलले. "आधी शिंगं, खूर, वशिंड. आणि मग गाडीला जुंपून बघायचा! जुंपल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नुसता देखणा बैल काय करायचाय?"

"मग हा कॉम्प्युटर पोरीला द्यायच्या आधी आपण जुंपून बघूया का? तिथं तिला तो रोज तीन मजले चढून न्यायचाय. आपली शाळा वर चढावर आहे. मी गौतमीच्या जागी. मी तिथवर नेऊन बघते."

आणि कुणाला काही कळायच्या आत तिने सीपीयूचा डबा कवटाळला. डबा उचलला, पण गुडघे वाकले. मांडवात कुजबुज झाली. आबा ताडकन उठले.

"ठेव खाली! मी जिवंत असताना गावची बाई ओझं वाहणार? मी नेतो. ह्याच्या दुप्पट पोतं मी एका हातानं फेकलंय."

"सगळं न्यायचंय, आबा. पडदा, स्पीकर, बॅटरी, सगळं. पोरीबरोबर तिथं दुसरं कुणी नसणार."

"न्हेतो की!"

आबांनी डबा काखेत मारला, पडदा छातीशी धरला, स्पीकर वायरीने गळ्यात अडकवले. बॅटरीचा ठोकळा दोन बोटांत लटकवला. पोपटला राहवेना, त्याने माइकवर कुस्तीसारखं सांगायला सुरुवात केली. "आबा निघाले! आबांनी पायरी गाठली! आबांच्या पायात वायर! आबा सावरले! वा पैलवान!" सगळा मांडव उठून मागोमाग निघाला. सखूकाकी खालून ओरडल्या, "अहो, कंबर सांभाळा! मी तेल लावणार नाही हं!"

चढावर स्पीकर एकमेकांवर आपटू लागले. पडद्याआडून आबांना वाट दिसेना. ते खांबाला धडकले आणि खांबालाच "बाजूला हो" म्हणाले. लोक हसून हसून खाली बसले. शाळेच्या दारात पोचेपर्यंत आबांचा फेटा कपाळावर आला होता. तरी गड्याने हार मानली नाही. वर्गात शिरले, सगळं बाकावर ठेवायला गेले, तर पडदा ठेवला की डबा ठेवायला जागा नाही, आणि डबा ठेवला की वही उघडायला जागा नाही. विजेचं बटण होतं फळ्यापाशी. वायर तिथवर पोचेना.

"आता पोचला," आबा धापा टाकत म्हणाले.

"हा तास संपला आबा," सुगंधा हळूच म्हणाली. "आता पलीकडच्या इमारतीत जायचं."

हसणं थांबलं. आबा बाकावर बसले. त्या लहान बाकावर ते मोठ्ठे आबा, मांडीवर स्पीकर घेऊन. त्यांनी गौतमीकडे बघितलं.

"पोरी, रोज?"

"रोज, आबा."

"आणि त्या पाटीएवढ्यानं तुझं काम होतं?"

"होतं, आबा. दिवसभर चालतो तो. तुम्ही पहिल्यांदा हातात धरला होता ना, तसलाच पाहिजे होता."

आबांनी घाम पुसला. मग ते सुगंधाकडे वळले. सगळ्यांना वाटलं, आता वीज कोसळणार. हणमंतने तर डोळेच मिटले.

"आधी का नाही बोललीस गं?"

"भ्याले, आबा. चुकलंच माझं. तुम्ही एवढ्या हौसेनं आणला. मला वाटलं, तुमचं मन मोडेल."

"मन नाही मोडलं. कंबर मोडली!" आबा म्हणाले आणि त्या वर्गाच्या भिंती हादरतील एवढं हसले. "अगं, मी पैलवान असून एका चढात आडवा झालो, आणि ही काडीएवढी पोर चार वर्षं वाहणार होती! पोपट्या, जीप काढ. मांडव उतरवू नको. सत्कार संपलेला नाही. पोरी, चल. तू पुढं बस."

असे ते मोठा कॉम्प्युटर जीपमध्ये घालून पुन्हा तालुक्याला गेले. या वेळी गौतमी पुढच्या सीटवर, मागे सुगंधा आणि आबा, आणि आबांच्या कंबरेला उशी. दुकानदाराने मोठा कॉम्प्युटर परत घेताना जरा कुरकुर केली. आबांनी नुसत्या मिशा चाचपल्या, त्याने घेतला. मग तो म्हणाला, "आता कशासाठी हवाय?"

"मला काय विचारतो? वापरणार ती. तिला विचार," आबा म्हणाले.

दुकानदाराने एक लाल दिव्यांचा झगझगीत लॅपटॉप पुढे केला. "सगळी पोरं हाच नेतात, ताई." सुगंधाच्या मनात आलं, दिसतो तर देखणा, घेऊन टाकावा. पण तिने ओठ मिटून घेतले. गौतमीने तो उचलून बघितला, चार्जिंग किती टिकतं ते विचारलं आणि परत ठेवला. "खेळायला छान आहे. पण जड आहे, आणि दुपारीच दम सोडतो." मग तिने एक साधा राखाडी निवडला. त्यावर भराभरा टाइप करून बघितलं, दोन-तीन कामं एकदम उघडून तो अडखळतो का ते बघितलं. शेवटी तो पुस्तकांबरोबर आपल्या दप्तरात घातला, दप्तर पाठीवर टाकलं आणि दुकानाचा जिना चढून उतरून आली.

"आई, हा!"

सुगंधाने दप्तराला खालून हात लावून वजन पाहिलं. तिला एकदम हसू फुटलं. बऱ्याच दिवसांत काळजी मागोमाग न येता आलेलं ते पहिलंच हसू.

दिवेलागणीला मांडव पुन्हा भरला. गौतमीने व्यासपीठावर लॅपटॉप हातात धरला. पहिल्या रांगेला दिसला, तिसऱ्या रांगेला जेमतेम दिसला. मागून आवाज आला, "अगं, दिसत न्हाई! काय दिलं पोरीला?" गंगूआजीच ती.

आबा माइकवर आले. "आजी, दिसत नसलं तर हातात घे!" त्यांनी लॅपटॉप पहिल्या रांगेत दिला. पहिल्या रांगेने दुसऱ्या रांगेत दिला. माणसं हात धोतराला, पदराला पुसून मग तो घ्यायची, तळहातावर तोलायची, "किती हलका गं!" म्हणायची आणि मागे द्यायची. असा हातोहात तो शेवटच्या रांगेत गंगूआजीच्या मांडीवर जाऊन बसला. गौतमी धावत तिथे गेली, तिने तो उघडला. पडदा उजळला तशी आजीच्या तोंडावर चांदणं पडलं. ते बघायला सगळा मांडव पाठ फिरवून मागे वळला. त्या गावात पहिल्यांदाच शेवटची रांग पहिली झाली.

"लोकहो, इकडं कुणी बघत नाही, तर मी माइक बंद करतो," पोपट म्हणाला. पण आबांनी त्याच्या हातून माइक ओढून घेतला.

"ऐका! ह्यापुढं भेटवस्तू आणायला जाताना ज्याचा सत्कार आहे ते माणूस जीपमध्ये पुढं बसेल. आणि आईला दोन शब्द नाही, पाहिजे तेवढे शब्द!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की चढावरची वटवाघळं उडाली. गर्दीतून दोन मुली पुढे आल्या आणि सुगंधाला चिकटून उभ्या राहिल्या. त्या दोघी पुढच्या वर्षी दहावीला बसणार होत्या. त्यांच्या आया मागून म्हणाल्या, "सुगंधाताई, आमच्या पोरींच्या वेळी पण तुम्हीच बोला हो."

"मी कशाला? तुम्ही बोला. पहिल्यांदा पाय कापतात, मग नाही कापत," सुगंधा म्हणाली.

गौतमी कॉलेजला गेली. वर्गात पाठीवरून लॅपटॉप काढून बाकावर ठेवलेला पहिल्याच दिवशीचा फोटो तिने पाठवला. लॅपटॉप ठेवूनही शेजारी वही उघडायला भरपूर जागा होती. सुगंधाने तो फोटो आबांना नेऊन दाखवला, सखूकाकींना दाखवला, डेअरीच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना दाखवला, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगितलं, "ही माझी पोरगी. आणि तो तिने स्वतः निवडलेला."

तात्पर्य: वस्तू ज्याला वापरायची आहे त्याला विचारून घ्यावी, बघणाऱ्यांना विचारून नव्हे. आणि देणाऱ्याचं मन राखायचं असेल, तर खोटं "छान आहे" म्हणण्यापेक्षा खरं ते प्रेमाने वेळेवर सांगावं. तुमच्या ओळखीत कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा या वर्षी कॉलेजला निघाला असेल, तर एवढं काम करा: ते दुकानात जाण्याआधी त्यांच्या घरी जाऊन ही गोष्ट त्यांच्या आईच्या कानावर घाला.